हळदीच्या दिवशी सात ऑक्सिमीटर

ओटीवरच्या टेबलावर सात ऑक्सिमीटर होते. त्यांतले सहा चालत होते. सातव्याच्या पोटात सेल फुटून पांढरी पावडर झाली होती, तेव्हा तो फक्त गणतीपुरता.

पहिला कमलेशचा, जपानी, अजून मखमली डबीत झोपणारा. दोन त्याच्या धाकट्या भावाचे, मितेशचे: एक घरचा आणि एक नांदिवलीच्या त्याच्या जिममधला, ज्याला घामाचा वास येत होता. चौथा विठ्ठलवाडीच्या आत्याच्या पर्समधून लिपस्टिकच्या शेजारून निघाला. पाचव्यावर 'ग्रामस्थ मंडळाकडून सप्रेम' असं ऑइलपेंटने लिहिलं होतं आणि लिहिणाऱ्याच्या उत्साहात पडद्याचा एक कोपरा रंगला होता. सहावा शेजारच्या सहदेवशेठने चार वर्षांपूर्वी उसना नेला होता. आज हळदीला रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून तो त्याने परत आणला.

कमलेशच्या धाकट्या मुलीने, जागृतीने, ते सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडले. तिला तशी सवयच होती. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यापासून ती ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांची वजनं, थर्मामीटर, दाबाची घड्याळं तिथे यायची आणि ती खरं बोलतात की नाही हे ही पोरगी तपासून द्यायची. घरात मात्र या कामाला 'काटेवाली' यापलीकडे मान नव्हता.

एका घरात इतके ऑक्सिमीटर कसे, हे आयरे गावात कोणी विचारलं नसतं. धाकूआजोबा गेले त्या साली या घरात एकही नव्हता. आजोबा आपले "मना काय झायला नाय" म्हणत अंगणात फिरत राहिले आणि आकडा कळला तो थेट कल्याणच्या हॉस्पिटलात. त्यावर नंतर घरात कोणी फारसं बोललं नाही. यंत्रं मात्र ज्याने त्याने आपापली घेतली.

आज ती सगळी बाहेर निघाली, त्याचं कारण सकाळचा ठसका. मांडवात घाणा भरायचं चाललं होतं, बायका मुसळाला हात लावत होत्या, आणि कमलेशच्या आईला, सखुबाईंना, गाता गाता ठसका लागून धवला मध्येच तुटला.

दुसऱ्या कोणाला ठसका लागता तर पाण्याचा तांब्या पुढे करून भागलं असतं. पण सखुबाई धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणणारी. आगरी घरातलं लग्न तिच्या गाण्याच्या बोटाला धरून चालतं. ती धवला म्हणते तेव्हा तांदळाच्या पिठाचा चौक भरला जातो, ती म्हणते तेव्हा हळद लागते, आणि ती थांबली की सगळं जिथल्या तिथे उभं राहतं. आजोबा गेल्यावर "आता हिने मांडवात बसावं का?" अशी कुजबुज दोन बायकांनी केली होती. तेव्हा नवऱ्या मुलीने, जागृतीच्या थोरल्या बहिणीने, कल्पिताने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आजी बसणार नसेल तर मीपण बसणार नाय. जा, नवऱ्याकडच्यांना कळवा."

खुद्द सखुबाईंचा जीव मात्र संध्याकाळच्या एका धवल्यात अडकला होता. त्यात घरचे देव आणि घरची गेलेली माणसं नाव घेऊन हळदीला बोलवायची असतात. सखुबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या मुलाला पुढे करत. धवल्यात तेवढी मुभा होती. आजोबा गेल्यापासून या घरात लग्न नव्हतं, म्हणजे ते नाव आज पहिल्यांदा घ्यायचं होतं. महिनाभर त्या पाणी भरताना, भाजी चिरताना ती ओळ गुणगुणत होत्या आणि नाव आलं की तेवढीच जागा मोकळी सोडत होत्या.

आणि अशा दिवशी ठसका.

"आये, बोट दे," कमलेश जपानी डबी उघडत म्हणाला.

"मना काय झायलाय? भुसा गेला नाकात. तुमचे नाकात भुसा जात नाय?"

"दे गं. आणि हलू नकोस."

सखुबाईंनी बोट दिलं, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. सगळे वाकून बघत राहिले. आकडा आला शहाण्णव.

"बघ! उत्तम," कमलेश म्हणाला.

"दादा, ते महागातलं आहे, ते कोणाचं मन मोडत नाय," मितेश म्हणाला. "माझा लाव."

मितेशच्या यंत्राने चौऱ्याण्णव दाखवले. जिमच्याने ब्याण्णव. आत्याने आपलं यंत्र पदराला पुसून लावलं, नव्वद आले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्रामस्थ मंडळाच्या रंगलेल्या पडद्यातून अठ्ठ्याऐंशी डोकावले. सहदेवशेठच्या यंत्राने सत्त्याऐंशी सांगितले, तेव्हा सहदेवशेठ अपराध्यासारखा मागे सरला.

"स्वस्तातली यंत्रं ही," कमलेश म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. त्याने पुन्हा जपानी लावलं.

शहाऐंशी.

मघाशी शहाण्णव दाखवणारं तेच यंत्र, तेच बोट. म्हणजे दहा आकडे त्यांच्या डोळ्यांदेखत गळाले होते.

मितेशने अँब्युलन्सला फोन लावला आणि कमलेशने डॉक्टर चित्रा सानेंना. रामनगरला त्यांचा दवाखाना होता आणि कमलेशच्या लहानपणापासून या घराच्या नाड्या त्यांच्या हाती होत्या.

"कमलेशराव, आकडा क्षणभर बाजूला ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "आजी दिसतायत कशा? ओठ निळे पडलेत का? एका दमात अख्खं वाक्य बोलू शकतात का?"

कमलेशने आईकडे पाहिलं. मितेशने खात्रीसाठी तेवढ्यात आपलं यंत्र परत लावलं होतं.

"आये, बोल काहीतरी."

सखुबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

"बोलत नाय, डॉक्टर!" कमलेशचा आवाज चिरकला. "माझी आई बोलत नाय!"

ज्या बाईला गप्प करायला अख्ख्या गावाला कधी जमलं नाही, तिच्याबद्दल हे वाक्य ऐकून डॉक्टरही दचकल्या असाव्यात. "मी निघाले. गाडी दारात तयार ठेवा. मी स्वतः मोजणार, आणि ब्याण्णवच्या खाली दिसलं तर कोणाचं ऐकणार नाही. लगेच ठाण्याला दाखल करायचं. हळद असू दे, नाहीतर आणखी काही."

फोन ठेवल्यावर कमलेश मुलगा म्हणून डगमगला, पण यजमान म्हणून त्याचं डोकं चालू होतं. त्याने डीजेवाल्या मयूरला हाक मारली. "धवल्यांचं रेकॉर्डिंग मिळेल का रे?"

"पेन ड्राइव्हमध्ये आहेत ना शेठ. रिमिक्सपण आहेत."

इतक्यात मितेशने यंत्र काढलं, आणि सखुबाईंना वाचा फुटली. "पेन ड्राइव्ह? त्यो चौकावर बसंल? त्याला पानसुपारी देशील? माझे नातीची हलद, न मेलेली मानसं त्यो डबा बोलवंल? मी जित्ती हाय रं अजून!"

"आये, जास्त बोलू नकोस, ऑक्सिजन संपेल," आत्या रडत म्हणाली.

जागृती इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. तिच्या प्रयोगशाळेत एकच वजन सहा काट्यांवर ठेवलं आणि सहा आकडे पायऱ्या उतरल्यासारखे खाली खाली आले, तर पहिली शंका काट्यांवर घेत नसत. कोणता काटा आधी ठेवला, कोणता नंतर, हे बघत. तिने यंत्रं टेबलावर उलट्या क्रमाने लावली.

"बाबा, परत मोजू या. सहदेवकाकांच्या यंत्रापासून."

"आता खेळ नकोत, जागृती."

"हळदीमुळे असेल," मितेश म्हणाला. "बोटं बघ तिची, सकाळपासून हळद दळतेय. यंत्राचा उजेड आत कसा जाणार?" तो लिंबाची फोड घेऊन आईची बोटं घासू लागलासुद्धा.

जागृतीने हळदीच्या वाटीत आपलं बोट बुडवलं आणि त्यावर जपानी यंत्र चढवलं.

"बघ!" मितेश समोरून ओरडला. "हिचापण शहाऐंशी!"

"काका, माझ्या बाजूला येऊन बघा."

मितेश वळसा घालून आला. या बाजूने अठ्ठ्याण्णव होते. तो पुन्हा पलीकडे गेला, पुन्हा शहाऐंशी झाले. पुन्हा अलीकडे आला.

"उलटं वाचलंत," जागृती म्हणाली. "हळदीचा काही संबंध नाही. बोट धुतलं तरी एवढेच येतील."

मितेशने लिंबू खाली ठेवलं. "मग आयेचे पण आम्ही उलटे वाचले?"

"नाही. तिचे बाबांनी सरळच वाचलेत, मी बघत होते. म्हणून तर परत मोजायचंय."

या एका चुकीने मितेश टेबलापासून बाजूला झाला आणि जागृतीला तेवढी फट पुरली. सहदेवशेठच्या यंत्राने या वेळी शहाण्णव दाखवले. सहदेवशेठ एक पाऊल पुढे आला. मंडळाच्या यंत्राने चौऱ्याण्णव, मग त्र्याण्णव, मग नव्वद, मग अठ्ठ्याऐंशी. शेवटी आलेल्या जपानी यंत्राने सत्त्याऐंशी दाखवले.

म्हणजे यंत्रं सगळी सारखीच होती. जे पहिलं लागे ते चांगली बातमी देई, जे शेवटी लागे ते रडवी. आजी आजारी होती म्हणून तिला मोजत होते असं नव्हतं. मोजत होते म्हणून ती आजारी पडत होती.

हे कसं शक्य आहे ते काही जागृतीला कळेना. तिने आजीचे हात चाचपले. ते चांगले गरम होते. नखांना नेलपॉलिशही नव्हतं. ती आजीच्या समोर पाटावर बसली, यंत्र पुन्हा लावलं, आणि या वेळी आकड्याकडे न बघता आजीकडे बघत राहिली.

"आजी, चहा आणू?"

उत्तर नाही. आता, सखुबाईंनी चहाला नाही म्हटल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं, आणि चहाच्या प्रश्नाला उत्तरच न दिल्याचं तर मुळीच नाही. जागृतीची नजर आजीच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेवर गेली. आजी बोलायला लागली की त्या माळेतली एक एक पुतळी उड्या मारायची. आत्ता सगळ्या भिंतीला चिकटवल्यासारख्या स्थिर होत्या. नाकपुड्याही स्थिर. गाल मात्र किंचित फुगलेले.

जागृतीने झटकन यंत्र ओढून काढलं. सखुबाईंनी भाता ओढावा तसा श्वास घेतला.

"किती वेल गो लावतंस! मरतंय का काय मी!"

"आजी, तू श्वास धरून बसतेस?"

"मंग? मशीन लावल्यावं श्वास धरायचा नाय? तुना शालंत काय शिकवला?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कल्यानचे एक्स-रेवाल्याने." सखुबाईंनी पदर सारखा केला. "तुझे आजाला घेऊन गेलेलो तवा माझापन फोटो काढला. बोल्ला, आजी, श्वास धरा, सोडू नका, हालला तं फोटो बिघरंल. मी धरला. त्यो इसरला सोडा बोलायला न गेला चा प्यायला. आला तं मी तशीच. बोल्ला, आजी, अशी छाती मी जल्मात बगितली नाय!" एवढं सांगून त्यांनी ओटीवरच्या सगळ्यांकडे पाहिलं. मिठागरावर टोपल्या वाहून आणि रात्र रात्र धवले गाऊन कमावलेली छाती होती ती, आणि तिचं कौतुक शिकलेल्या माणसाने केलं होतं.

"आणि मघाशी एकामागून एक यंत्रं लावत होतो तेव्हा?"

"मंदी मंदी चोरून घेतला जरासा. तुमी सोडतच नव्हता."

जागृती आतल्या खोलीत गेली. आपल्या बोटाला यंत्र लावून तिने हवा सोडून दिली आणि नाक दाबून बसली. छाती फुटायला आली तरी आकडा अठ्ठ्याण्णवच. तिला वाटलं, आपलं चुकलं. तिने श्वास घेतला, दोनदा घेतला, आणि मग कुठे तो आकडा खाली यायला लागला. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. मग पुन्हा वर. फुप्फुसातलं रक्त बोटाच्या टोकाला पोचायला वेळ लागतो. यंत्र आत्ताचं सांगत नाही, मघाचं सांगतं. आजीने चोरून घेतलेला श्वास बोटापर्यंत पोचायच्या आत पुढचं यंत्र लागत होतं आणि आजी पुन्हा दार लावून घेत होती.

ती धावत बाहेर आली. "बाबा, तिला काही झालेलं नाही. ती श्वास घेत नव्हती!"

"श्वास घेत नव्हती आणि तिला काही झालेलं नाही?" कमलेश म्हणाला. "हे शिकायला तुला ठाण्याला पाठवली?"

अँब्युलन्स तोवर मागच्या रस्त्याने आली होती. दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही या नियमाने ड्रायव्हर दिपेशला पंगतीत बसवला होता आणि त्याच्या पानात मटणाचा दुसरा वाढा पडत होता. डॉक्टर मात्र कोपऱ्यावर अडकल्या होत्या. मितेशने उभारलेल्या स्वागताच्या कमानीखालून त्यांची गाडी जाईना, आणि कमानीवरच्या फोटोतला मितेश हात जोडून त्यांचं स्वागत करत होता. शेवटी त्या चालत आल्या.

तेवढ्या वेळात जागृतीने आजीला बजावून ठेवलं, "आता मशीन लागलं तरी श्वास घ्यायचा. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा कसा घेतात?" सखुबाईंनी विचारलं. आजवर या गोष्टीकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी दोन-चार श्वास असे जोरजोरात ओढले की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या कल्पिताच्या अंगावर कलंडल्या. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर दारात आल्या.

त्यांनी तडक आपल्या बॅगेतलं यंत्र काढलं. ते जरा मोठं होतं आणि त्यात आकड्याच्या शेजारी नाडीची लाट धावत होती. सखुबाईंनी यंत्र बघितलं, डॉक्टरांचा पांढरा कोट बघितला, जागृतीने शिकवलेलं सगळं विसरल्या, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाल्या, "एक्याण्णव. लाट स्वच्छ आहे, आकडा खरा आहे. कमलेशराव, उशीर नको."

कल्पिताने हळदीची वाटी खाली ठेवली. मितेश ड्रायव्हरला उठवायला पळाला.

"डॉक्टर, आकडा खरा आहे, पण तो तिने श्वास रोखल्याचा आहे," जागृती एका दमात बोलून गेली. "मशीन लागलं की ती श्वास धरते. एक्स-रेसारखा. सांगून उपयोग नाही, सांगितलं की घाबरते. पण गाताना कोणी श्वास रोखू शकत नाही. तिला गायला लावा आणि मोजा."

"अगं, गाताना हात हलतो. हात हलला की लाट बिघडते. मग जो दिसेल तो आकडा माझ्या काही कामाचा नाही."

"हात तुम्ही धरा. घट्ट."

डॉक्टर चित्रांनी सखुबाईंच्या ओठांकडे पाहिलं. ते विड्याने लाल होते. मग छातीला स्टेथोस्कोप लावून, पुढून, मागून, त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. आत काय ऐकू आलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण स्टेथोस्कोप गळ्यात घालताना त्यांची घाई कमी झाली होती.

"एक धवला," त्या म्हणाल्या. "मला जो आकडा दिसेल तो शेवटचा. खाली आला तर गाडीत बसायचं, आजी. कबूल?"

"कंचा म्हनू?" सखुबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. "ठान्याला न्यायचा आसंल तं संध्याकालचाच म्हनते. परत टायम भेटंल नाय भेटंल."

कल्पिता चौकात जाऊन पाटावर बसली. सखुबाई तिच्यासमोर बसल्या. डॉक्टर खाली मांडी घालून बसल्या आणि त्यांनी सखुबाईंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून मांडीवर दाबून ठेवला. मयूरने कोणी न सांगता डीजे बंद केला.

सखुबाईंनी सवयीने डोळे मिटले, पाठ ताठ केली. माळेतल्या पुतळ्या थांबल्या.

"आजी," कल्पिता हळूच म्हणाली, "मी थांबलेय गो."

आणि धवला सुरू झाला. आधी गावदेवीला बोलावलं, मग खाडीकाठच्या देवाला. पहिल्या ओळीनंतर पुतळ्यांनी उडी मारली, दुसऱ्या ओळीनंतरही. यंत्राच्या पडद्यावर एक्याण्णव होते, ते तसेच राहिले. कमलेशने जागृतीकडे पाहिलं.

"थांबा," ती कुजबुजली. "आकडा मागून येतो."

सासू आली, सासरा आला, मिठागरावर गेलेला मोठा दीर आला. मुसळाजवळच्या बायकांनी ओळ उचलून धरली. दिपेश ड्रायव्हर उष्ट्या हाताने मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला. डॉक्टरांची नजर लाटेवरून हलत नव्हती. लाट एकसारखी होती.

मग ती मोकळी सोडायची जागा आली. सखुबाई थांबल्या. पुतळ्याही थांबल्या. त्यांनी पोटातून लांब श्वास घेतला, इतका लांब की डॉक्टरांच्या हातातला हातसुद्धा वर उचलला गेला, आणि साऱ्या आयरे गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी धाकूला नाव घेऊन हळदीला बोलावलं.

ओळ संपेपर्यंत डॉक्टर थांबल्या. हात पुन्हा मांडीवर स्थिर झाला, लाट सारखी झाली, तेव्हा त्यांनी पडदा आपल्याकडे वळवून वाचला.

ऑक्सिजन सत्त्याण्णव. नाडी अठ्ठ्याऐंशी.